उप

दर गुरुवारी, ऊन असेल तर,
टॅमसिन नॅन्कारो दगडी कुंपणाकडेच्या गवतात बसते
आणि ठिपके मोजते.
मागच्या पंखाच्या खालच्या अंगाला,
राईएवढे, कधी राईहूनही बारीक.
शून्य, दोन, दोन, एक, तीन, दोन.
वहीचं पान वाऱ्याने उलटतं
म्हणून त्यावर शिंपला ठेवते.

फुलपाखरू म्हणून मिरवावं असं त्यात काही नाही.
पावाच्या करपल्या कडेचा रंग,
पुढच्या पंखावर जरा नारिंगी, गंजासारखा.
नार्सिससची फुलं मार्चमध्येच बोटीत बसून
कॉर्नवॉलला गेली, पावणेतीन तासांवर.
जुलैत येणारे पाहुणे सीलचे फोटो काढतात.
ह्याच्याकडे बघायला टॅमसिनच.

समोरचं बेट इथून दिसतं.
तिथल्या दोरीवरचे कपडे दिसतात,
हॅनिबलने आज कुठला शर्ट धुतला तेसुद्धा.
तिथेही हेच तपकिरी, हेच गवत, हाच खारा वारा,
पण ठिपके वेगळे.
एखादा जास्त. एखादा जरासा सरकलेला,
एकाच पत्रावर दोन टपालकचेऱ्यांचे शिक्के असावेत तसे.

मधली खाडी केवढी?
वर्षातून तीन-चारदा, मोठ्या ओहोटीला,
पाणी गुडघ्याखाली उतरतं
आणि माणसं बूट हातात घेऊन पलीकडे जातात.
चाळीस मिनिटं मिळतात.
तेवढ्यात एक बिअर बसते, किंवा एक भांडण.

फुलपाखरू जात नाही.
तिने पाहिलंय:
वाळू लागते तिथपर्यंत येतं,
शेवटच्या पात्यावर टेकतं,
पंख मिटतं, उघडतं,
वळतं.
पंख असून.

अडुसष्टच्या सप्टेंबरात अशाच एका ओहोटीला
टॅमसिन तिकडून चालत इकडे आली.
पुढे नवरा, त्याच्या खांद्यावर शिवणयंत्र,
तिच्या हातात पत्र्याची पेटी आणि एक जिवंत कोंबडी.
काठावर येऊन मागे पाहिलं
तर वाट बुडालेली.
इथल्या बायका तिला अजून ‘पलीकडची’ म्हणतात.
नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी.
आणि माहेरी गेली की भावजय विचारते,
‘तुमच्या तिकडे ह्याला काय म्हणतात गं?’

मागच्या आठवड्यात मुख्य भूमीवरून पत्र आलं.
पेशी तपासल्या, फार विनयाने लिहिलंय.
फरक आहे, पण पुरेसा नाही.
नावातल्या तीन शब्दांपैकी तिसरा
यापुढे लावू नये.
आपल्या एकतीस वर्षांच्या नोंदींबद्दल आभार.

तिने ते दोनदा वाचलं,
चहाच्या डब्याखाली सारलं
आणि हॅनिबलला फोन लावला.
‘तुमचे नि आमचे एकच निघाले.’
भाऊ बराच वेळ बोललाच नाही.
मग म्हणाला, ‘मग ये की परत.’
दोघंही हसली.
फोनमध्ये वारा होता, दोन्हीकडचा.

त्या खोडलेल्या तिसऱ्या शब्दाच्या हुद्द्याला
माझ्या भाषेत उपप्रजाती म्हणतात.
उप हा शब्द आम्ही फार राबवून घेतला:
साहेब गावाला गेले की सही करणारा,
फोटोत कडेला अर्धाच येणारा.
मुळात त्याचा अर्थ जवळ.
उपवास म्हणजे जवळ राहणं,
उपाशी राहणं मागाहून आलं.
इतकं जवळ की पलीकडचे कपडे ओळखता यावेत,
इतकं जवळ की
जायचं राहूनच जावं.

आज गुरुवार. ढग आहेत, पण फाटतील.
टॅमसिनने गुडघे धरून बसून घेतलं,
शिंपला खिशातून काढला,
नवीन पानाच्या माथ्यावर नाव लिहिलं.
तिन्ही शब्द.
तिसऱ्याचं स्पेलिंग
एकतीस वर्षं चुकतं तसंच चुकवून.